राजीनामा : राजीखुशीचा कागद

मंडळी, मंत्र्याने राजीनामा दिला म्हटलं, की तो खुर्ची सोडून गेला, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही कळतं. पण उत्तरेकडच्या एखाद्या कोर्टात 'दोघांचा राजीनामा झाला' असं ऐकलंत, तर तिथे कोणी काहीच सोडलेलं नसतं; वादी-प्रतिवादींची तडजोड झालेली असते. नोकरी सोडायची तर तिकडे इस्तीफा द्यावा लागतो. नेपाळात आणखी निराळं. तिथे मंत्रीही राजीनामा देतो, आणि जमिनीच्या खरेदीखतालाही राजीनामाच म्हणतात. कानडीत 'राजीनामे' म्हणजे नोकरी सोडणं, पण नुसतं 'राजी' म्हणजे समेट!

याचं मूळ अरबीत आहे. 'रिदा' म्हणजे संतोष, संमती. संतुष्ट असेल तो 'रादी'. इराणी माणसाच्या तोंडी त्या 'द'चा 'झ' झाला, आणि पुढे फारसी 'नामा' म्हणजे लेख जोडला गेला. संमतीचा लेख, एवढाच अर्थ. त्यात सोडणं नाही, भांडण नाही, विकणंही नाही. गुरुजी, तुमची 'रजा' त्याच घरची बरं का. आधी वरिष्ठांची संमती, मग सुट्टी. आपण तेवढी सुट्टी लक्षात ठेवली.

मग सोडण्याचा अर्थ कसा चिकटला? मला त्याचा एक धागा जुन्या महसुली दप्तरात दिसतो. मुंबई इलाख्यात 1835 साली इंदापुरापासून नवी पाहणी सुरू झाली. शेत ठेवायचं नसेल तर रयतेने मामलेदाराकडे राजीनामा लिहून द्यायचा, आणि जो ते घेईल त्याने कबुलायत. कर्जात बुडालेल्या कुणब्याची जमीन सावकाराच्या नावावर चढायची, तीही याच दोन कागदांनी. कागदात 'राजीखुशीने' असायचं. खाली निशाणी नांगराची. ज्याने नांगर काढला त्याला वरचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. तो राजी होता की नाही, हे विचारतो कोण?

12 मे 1875 रोजी, बाजाराच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे हिसकावून जाळले. आसपासच्या गावांतही तेच लोण पसरलं. पुढे 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, आणि शेतकऱ्याने करून दिलेला दस्त गावनिबंधकासमोरच व्हावा, असं त्यात ठरलं.