नवसागर आणि युरेनियमचे रंग

कोल्हापुरात कल्हईवाला भांडं तापवून त्यावर नवसागराची पूड टाकतो. पांढरा धूर निघतो, तांब्यावरचा मळ सुटतो, मग कथील धरतं. मी उर्दू-मराठी शिकवतो, म्हणून शब्दाच्या दारातून आत शिरतो. हा नवसागर म्हणजे फारसी-उर्दूतला नौशादर. इ.स. ९२५च्या सुमारास वारलेल्या अबू बक्र राझींनी त्याला पारा आणि गंधकाच्या जोडीला ‘अरवाह’मध्ये, म्हणजे आच लागताच उडून जाणाऱ्या पदार्थांत बसवलं. तेवढा मान खरा. पुढचं सगळंही आपल्याच लोकांनी शोधलं, असे निरोप फिरतात, ते मला पटत नाहीत.

१९१४ साली पॉल वॉल्डेन यांनी नौशादराच्या कुळातल्या इथाइल अमोनियम नायट्रेटची नोंद केली. खाण्याचं मीठ वितळायला ८०१ अंश लागतात. हा क्षार १२ अंशांनाच पातळ होतो. पाण्याचा थेंब नाही, तरी द्रव! १९५१मध्ये हर्ली आणि वियर यांनी ॲल्युमिनियम क्लोराइडपासून असाच द्रव केला. त्यांना ॲल्युमिनियमचा मुलामा चढवायचा होता. कल्हईचीच भावकी म्हणा ना.

या द्रवाची युरेनियमवाल्यांना गरज का पडली? युरेनियमने किती इलेक्ट्रॉन गमावले त्यावर त्याचा रंग ठरतो : तीन गेले तर लालसर जांभळा, चार गेले तर हिरवा, सहा गेले तर पिवळा. द्रवातून प्रकाश सोडून त्यातला कोणता भाग शोषला गेला हे मोजलं, की आत युरेनियम कोणत्या अवस्थेत आहे ते कळतं. पण पाण्यात तीनवाला टिकत नाही. तो पाण्यातून हायड्रोजन सोडवतो आणि स्वतः चारवाला होतो. पातळ क्षारात पाणीच नाही, त्यामुळे ही कटकट नाही. १९८२मध्ये बेल्जियमच्या ल्युव्हेनमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी अशा क्षारात चारवाल्याचा अभ्यास केला. १९८६मध्ये केनेथ सेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा क्लोराइडांनी वेढलेल्या युरेनियमची रचनाच मांडली.

हे आपल्याकडे ट्रॉम्बेला येऊन भिडतं. १९६४पासून तिथे वापरलेलं युरेनियम इंधन नायट्रिक आम्लात विरघळवून प्लुटोनियम वेगळं काढलं जाऊ लागलं. मागे उरतं ते किरणोत्सारी आम्लपाणी, जे काचेत कोंडून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळायचं. म्हणून दुसरा द्रव हवा. ॲल्युमिनियम क्लोराइडचा द्रव दमट हवेत बिघडतो; मुंबईच्या जूनमध्ये त्याचं काय होणार! पुढे हवेत टिकणारे क्षार आले आणि भाभा केंद्रातल्या रसायनशास्त्रज्ञांनीही त्यांत युरेनियमचा प्रकाश तपासला. कारखान्यात मात्र अजून नायट्रिक आम्लच चालतं.