वळिवड्याची पोलंड छावणी



दिवाळीआधी आमच्या गटानं कापडी पिशव्यांची ऑर्डर घेतली होती. कापड आणायला आम्ही सातजणी गांधीनगरला गेलो. कोल्हापूरच्या आसपासच्या बायकांना गांधीनगर सांगायला नको. ठोक भावात कापड पाहिजे, लग्नाचा बस्ता पाहिजे, की पाय तिकडेच वळतात. गठ्ठे बांधून होईपर्यंत चहा घेत बसलो, तेव्हा आमच्या गटातल्या सगळ्यात थोरल्या आजी म्हणाल्या, "हितं माझी सासू भाजी इकायला यायची. गोऱ्या बायकांना. पोलंड छावणी म्हणायचे."

आम्ही बाकीच्या एकमेकींकडं बघत राहिलो. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. दुसरं महायुद्ध दहा मार्कांना लिहिलं होतं. पण ते महायुद्ध आपल्या वळिवडे स्टेशनापर्यंत आलं होतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मग वाचलं, विचारलं, आणि आज ते तुम्हाला सांगायला बसले आहे.

पोलंड हा युरोपातला देश. त्याच्या एका अंगाला जर्मनी, दुसऱ्या अंगाला तेव्हाचा सोव्हिएत रशिया. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीनं पश्चिमेकडून हल्ला केला आणि १७ सप्टेंबरला रशियानं पूर्वेकडून. दोघांनी देश वाटून घेतला. पूर्वेकडच्या भागातल्या माणसांना रशियानं घरातून उचलून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकायला सुरुवात केली. त्यातली पहिली मोठी धरपकड १० फेब्रुवारी १९४० ला झाली. ऐन कडाक्याची थंडी. रात्री दारावर थाप पडायची, शिपाई आत यायचे, आणि सामान बांधायला थोडा वेळ द्यायचे. आता विचार करा, घरातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे त्या बाईनं कसं ठरवलं असेल? पीठ घ्यायचं की रजई? त्यानंतर मालगाडीच्या डब्यात आठवडेच्या आठवडे प्रवास. उतरवलं ते जंगल तोडायला, नाहीतर सामुदायिक शेतावर राबायला. लाखो माणसं अशी नेली. त्यांतली किती भुकेनं, थंडीनं आणि तापानं गेली, त्याची धड मोजदादही नाही.

पुढं जून १९४१ मध्ये जर्मनीनं रशियावरच हल्ला केला, तेव्हा रशियाला दोस्त हवे झाले. पोलंडच्या सरकारशी करार झाला आणि या लोकांना 'माफी' जाहीर झाली. माफी! गुन्हा काय केला होता, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

इथं तुम्ही विचाराल, देशच वाटून घेतला तर सरकार कुठून आलं? तेच तर या गोष्टीतलं मोठं नवल आहे. पोलंडचं सरकार आधी फ्रान्सला आणि मग १९४० मध्ये लंडनला गेलं. पायाखाली स्वतःची जमीन नाही, कर गोळा करायला गाव नाही, तरी ते सरकार म्हणून काम करत राहिलं. मंत्री होते, खाती होती, देशोदेशी वकिलाती होत्या. पैसा बराचसा ब्रिटननं दिलेल्या कर्जातून यायचा. युद्ध लढण्याइतकंच मोठं काम त्या सरकारपुढं होतं, ते जगभर विखुरलेल्या आपल्या माणसांना सांभाळण्याचं.

मुंबईत पोलंडचे मुख्य वाणिज्यदूत होते एउगेनिउश बानाशिन्स्की. त्यांच्या पत्नी किरा बानाशिन्स्का पोलिश रेडक्रॉसचं काम बघायच्या. मला या बाईंबद्दल जास्त वाचायला मिळायला हवं होतं. नाव नेहमी नवऱ्याच्या मागं दुसऱ्या ओळीत येतं, पण धडपड त्यांची मोठी. मुंबईहून औषधं, कपडे आणि खाणं भरलेले ट्रक क्वेट्ट्यावरून, इराणातून, थेट रशियाच्या हद्दीतल्या अश्काबादपर्यंत गेले आणि येताना अनाथ पोलिश मुलं घेऊन आले. १९४२ च्या उन्हाळ्यात दीडशेहून अधिक मुलं अशी मुंबईत पोचली. त्यांच्यासोबत हान्का ओर्दोनुव्हना नावाची बाई होती. ही पोलंडची गाजलेली गायिका, आपल्याकडं नावाजलेली नटी असावी तशी. तीही रशियाच्या कैदेतून सुटलेली, तब्येत खालावलेली. तरी ती मुलांना घेऊन आली.

गुजरातच्या नवानगर संस्थानचे राजे जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी या मुलांना जामनगरजवळ बालाचडीला जागा दिली. मुलं त्यांना बापू म्हणायची. या राजाची आठवण पोलंडमध्ये आजही ठेवली जाते. वॉर्सा या राजधानीत त्यांच्या नावाचा चौक आहे.

मोठी लाट आली ती त्यानंतर. १९४२ मध्ये रशियातून सुमारे १,१५,००० पोलिश माणसं कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. त्यात सैनिक होतेच, पण ४० हजारांच्या आसपास बायका, मुलं आणि म्हातारी माणसं होती. सैनिक लढायला गेले. या बायकामुलांना कुठं ठेवायचं? कुणाला पूर्व आफ्रिकेत, कुणाला मेक्सिकोत, काही मुलांना न्यूझीलंडला पाठवलं. काहीजणी जहाजानं कराचीला उतरल्या आणि तिथून आपल्याकडं आल्या.

कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं. वळिवड्याच्या माळावर रेल्वेच्या कडेला छावणी उभी राहिली आणि १९४३ च्या जूनपासून माणसं यायला लागली. भरात असताना तिथं सुमारे ५,००० माणसं राहत होती. आजच्या हिशेबानं एक मोठं गावच, पण बायकांचं गाव. नवरे आणि जाणते मुलगे आघाडीवर, त्यामुळं पुरुष थोडेच.

लांबच लांब चाळी होत्या. खाली दगडी जोतं, चटयांच्या भिंती, वर कौलं. प्रत्येक कुटुंबाला एक खोली, स्वयंपाकघर आणि पुढं पडवी. आपल्या मानानं बरं वाटतं, पण भिंत चटईची म्हटल्यावर शेजारणीचं खोकणं, रडणं, भांडण सगळं इकडं ऐकू येणार. तरीही सैबेरियातून आलेल्या बाईला दाराला आपली कडी मिळाली, हे केवढं वाटलं असेल!

मला सगळ्यात पटलं ते पुढचं. या बायकांना नुसतं रांगेत उभं करून ताटं वाढली नाहीत. महिन्याचा भत्ता हातात मिळायचा, बाजार आपला आपण करायचा, चूल आपली आपण पेटवायची. मुलांना शाळा होत्या, अगदी माध्यमिकपर्यंत, आणि शिक्षण पोलिश भाषेत. पुस्तकं पोलंडबाहेर छापून घ्यावी लागली. दवाखाना होता, चर्च होतं, नाटकं व्हायची, मुलामुलींची स्काउट पथकं होती. शिवणकाम-विणकामाची कामशाळा होती आणि एक सहकारी दुकानही. छावणीचा कारभारी पोलिशच, आणि त्यांच्या सरकारचा प्रतिनिधी मुंबईत. ज्यांच्या छातीत दोष होता त्यांना हवेसाठी पाचगणीला पाठवायचे.

आपण बचत गटात एवढी वर्षं काय शिकलो? पैसा हातात असणं वेगळं आणि पैसा कुणीतरी आपल्यावर खर्च करणं वेगळं. मला एका कार्यालयात विधवा बाईच्या पेन्शनच्या कागदासाठी चार खेपा घालाव्या लागल्या होत्या. प्रत्येक खेपेला आपण भीक मागतोय असं वाटायचं. तेव्हा हे सगळं वाचताना मला हेवाच वाटला म्हणा ना.

पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं गेले तर ते खोटं होईल. हे १९४३ साल. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि सुमारे ३० लाख माणसं मेली. तिथली आई आपल्या पोराला घेऊन कलकत्त्याच्या फुटपाथवर भाताची पेज मागत मरत होती, आणि राज्य त्याच इंग्रजांचं होतं. वळिवड्याच्या बायकांनी कुणाच्या तोंडचं काढून खाल्लं नाही. त्यांचा खर्च त्यांच्या सरकारच्या खात्यावर मांडला जात होता. फरक तिथंच आहे. त्यांच्यासाठी लंडनमध्ये बसून भांडणारं त्यांचं सरकार होतं. बंगालच्या बाईचं म्हणावं असं सरकारच नव्हतं.

छावणीच्या कुंपणापलीकडं आपली गावं होती, आणि तिथल्या बायकाही पत्राची वाट बघत होत्या. मे १९४४ मध्ये पोलिश सैन्यानं इटलीतला मॉन्टे कॅसिनोचा डोंगर घेतला. त्याच वर्षी, त्याच इटलीत मराठा लाइट इन्फन्ट्री लढत होती. कोकणातले यशवंत घाडगे जुलैमध्ये तिथं पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वळिवड्यातली पोलिश बाई आणि आपल्याकडची फौजीची बायको, दोघींच्या घरी तार येण्याची भीती सारखीच.

आता वाईट भाग येतो. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा इथं अमेरिका, ब्रिटन आणि रशिया यांचे पुढारी बसले. पोलंडचा पूर्व भाग रशियाकडंच राहावा, असं ठरलं. म्हणजे या बायकांचं गाव, शेत आणि घर आता पोलंडमध्येच नव्हतं. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेनं लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सात बसलेल्या, रशियाच्या मर्जीतल्या सरकारला दिली.

बायकांनी काहीच केलं नव्हतं. सकाळी त्या एका सरकारच्या नागरिक होत्या आणि संध्याकाळी ते सरकार कागदावरून गेलं. युद्ध त्यांच्या नवऱ्यांनी जिंकणाऱ्यांच्या बाजूनं लढलं होतं, हे आणखी. पुढं छावणीचा भार संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थेकडं गेला, आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जाऊ लागला: परत जाणार का? काहीजणी गेल्या. बहुतेकींनी नाही म्हटलं. ज्यांनी रात्री दारावर थाप ऐकली होती, त्या परत त्याच हातात जायला तयार नव्हत्या. बालाचडीच्या अनाथ मुलांना नव्या सरकारकडं पाठवावं लागू नये, म्हणून जामसाहेब, छावणीचे पाद्री आणि एक इंग्रज अधिकारी यांनी त्यांना कागदोपत्री दत्तक घेतलं. इतक्या मुलांचं एका सहीनिशी दत्तक! कागदानं घालवलं होतं, तसं कागदानंच राखलं.

१९४७ मध्ये आपण स्वतंत्र झालो. इंग्रज निघाले, छावण्या आवरायला लागल्या. ज्यांचे नवरे, भाऊ पोलिश सैन्यात होते, त्यांना ब्रिटननं घेतलं. बाकीच्या आफ्रिकेतल्या छावण्यांत, ऑस्ट्रेलियाला, कॅनडाला, अमेरिकेला गेल्या. काही मुली भारतातच लग्न करून राहिल्या. काहीजण इथल्याच मातीत गेले. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांच्या कबरी आहेत. १९४८ च्या सुरुवातीला वळिवडे रिकामं झालं.

पोलंड स्वतः मोकळा व्हायला १९८९ साल उजाडलं. त्यानंतर तिथल्या सरकारला ही आपली लांबची माणसं पुन्हा आठवता आली. १९९८ मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मारकाचा स्तंभ उभा राहिला. इथं लहानपण काढलेली माणसं, आता म्हातारी झालेली, त्यासाठी आली होती. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाची स्मृतिशिळा बसली. आणि २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, तेव्हा तिथं शिकणारी आपली मुलं शेजारच्या ज्या देशांत चालत, बसनं गेली, त्यात पोलंड होता. व्हिसा न मागता त्यांना आत घेतलं. तिथून भारत सरकारच्या विमानांनी ती घरी आली.

परत येताना टेम्पोत गठ्ठ्यांवर बसून मी आजींना विचारलं, सासूबाई आणखी काय सांगायच्या? त्या म्हणाल्या, त्यांना 'जेन दोब्री' म्हणता यायचं. म्हणजे पोलिश भाषेतला नमस्कार. पाटी खाली ठेवताना म्हणायच्या, की गोऱ्या बायका हसायच्या आणि दोन पेंड्या जास्त घ्यायच्या. एक दिवस गेल्या तर चाळीतली दारं बंद. काही महिने कुणीच नाही. मग पुन्हा माणसं आली. फाळणीत सिंधमधून सगळं सोडून आलेली सिंधी कुटुंबं, त्याच खोल्यांत, त्याच पडव्यांवर. त्या छावणीचंच पुढं गांधीनगर झालं.

"मग सासूबाईंनी काय केलं?" मी विचारलं.

"काय करायचंय," आजी म्हणाल्या, "पाटी घेऊन गेल्या की पुन्हा. त्यांना सिंधी बोलायला यास्तोवर जरा जड गेलं एवढंच."