औषधावरची जकात : घोडनदीपासून कुरकुंभपर्यंत

घोडनदीच्या काठचे शिरूर हे एके काळी इंग्रजी फौजेचे ठाणे होते. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला पेशव्यांच्या फौजेशी जी पलटण लढली, ती आदल्या रात्री शिरूरहूनच निघाली होती. फौजेचे ठाणे म्हटले की डॉक्टर आला, आणि डॉक्टर आला की त्याची औषधांची पेटी आली. ती पेटी अर्थातच विलायतेची. पुढे १८५८ साली पुण्याहून दौंडपर्यंत आगगाडी आली, १८७८ साली दौंड–मनमाड फाटा झाला, आणि मुंबई बंदरात उतरलेला विलायती माल थेट या बाजूच्या पेठांत येऊन पडू लागला. आज त्याच दौंड तालुक्यात, सोलापूर रस्त्यावरील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत, औषधे आणि त्यांना लागणारी रसायने तयार होतात व ती समुद्रापार जातात. पेटीची दिशा उलटली. हा पालट कसा घडला, आणि त्यात जकातीचा वाटा किती, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

याचे एक सोपे उत्तर आपल्या मनात बसलेले असते. सरकारने परदेशी औषधावर जकात बसवली, ते महाग झाले, म्हणून देशी कारखाना उभा राहिला. हे उत्तर ऐकायला बरे वाटते. परंतु औषधांच्या बाबतीत इतिहास असा सरळ चाललेला नाही.

१८८२ साली इंग्रज सरकारने आयातीवरची जवळजवळ सगळी जकात उठवली. १८९४ साली ती पुन्हा सुरू झाली, सरसकट शेकडा ५, आणि तीही तिजोरीची तूट भरण्यासाठी. देशी धंद्याला आधार देणे हा तिचा हेतूच नव्हता. मध्यंतरी १८९२ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. इंग्लंडला लागू पडणारे खुल्या व्यापाराचे नियम हिंदुस्थानाला डोळे मिटून लावू नयेत, सरकारने उद्योगाला हात द्यावा, असा त्यांचा आग्रह होता. पुण्यातील वसंत व्याख्यानमाला ज्यांनी सुरू केली त्यांचेच हे विचार असल्यामुळे येथे त्यांचे स्मरण करणे आम्हांस उचित वाटते.

पण देशी औषध करणाराच्या वाटेत खरा धोंडा बंदरावर नव्हता, तो देशाच्या आत होता. त्या काळची बहुतेक विलायती औषधे म्हणजे अर्क, आणि अर्क काढावयाचा तर मद्यार्क पाहिजे. मद्यार्कावर अबकारी कर. प्रत्येक प्रांताची अबकारी वेगळी, तिचे दर वेगळे, परवाने वेगळे. मुंबई इलाख्यात केलेला अर्क दुसऱ्या प्रांतात पाठवायचा तर नाक्यानाक्यावर अडचण; उलट परदेशी अर्क बंदरावर एकदा जकात भरून मोकळा होई. म्हणजे घरच्याला दहा दारे आणि पाहुण्याला एकच! १९०७ साली बडोदे संस्थानात अलेंबिकचा कारखाना निघाला, तोही मद्यार्क आणि अर्क यांच्याच जोरावर. त्याच्या संस्थापकांत कोटिभास्कर हे एक मराठी नाव होते. प्रांताप्रांतांच्या या अबकारीचा गुंता सोडवण्यासाठी औषधी व प्रसाधन द्रव्यांवरील उत्पादन शुल्काचा कायदा झाला तो स्वराज्य आल्यानंतर, १९५५ साली.

येथे शिरूर-दौंडच्या वाचकांनी एक तुलना करून पाहावी. १९३२ साली सरकारने साखरेला संरक्षक जकात दिली, आणि थोड्याच वर्षांत देशभर साखर कारखाने उभे राहिले. नीरा आणि भीमा या नद्यांच्या खोऱ्यांत आज जी उसाची शेते दिसतात, त्यांच्यामागे कालव्याच्या पाण्याइतकीच ती जकातही आहे. औषधांना मात्र असे संरक्षण लाभले नाही. १९३० साली कर्नल चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध-चौकशी समिती नेमली गेली. बाजारात भेसळीची व निकस औषधे किती माजली आहेत हे तिने दाखवून दिले. पण तिच्या शिफारशींवरून औषधांचा कायदा व्हायला १९४० साल उजाडले. ऊस पिकवणारे आणि साखर करणारे संघटित होऊ शकतात. आजाऱ्यांचा संघ कोठे निघाल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

मग देशी औषधधंद्याला बळ कोणी दिले? प्रथम दुसऱ्या महायुद्धाने. जहाजे थांबली, परदेशी औषधे येईनाशी झाली, आणि मुंबईच्या व बंगालच्या कारखान्यांना जे जमेल ते करून द्यावे लागले. कोणत्याही सरकारला बसवता आली नसती एवढी जबर जकात युद्धाने बसवली, असे म्हटले तरी चालेल. पण ती युद्धाबरोबर संपली, आणि तेवढ्यात पेनिसिलिन आले. त्यापुढे अर्क आणि मिक्स्चरे फिकी पडली.

पेनिसिलिन आपल्याकडे जकातीने आले नाही. ते विद्येने आले. युनिसेफने यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञांचे साहाय्य दिले, भारत सरकारने पैसा आणि जागा दिली; १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९५५ साली उत्पादन सुरू झाले. पुढे तेथेच संशोधन होऊन हॅमायसिन हे बुरशीवरचे औषध निघाले. ज्ञान हाती असले म्हणजे कारखाना नुसती नक्कल करून थांबत नाही, याचे हे उदाहरण आहे.

याच काळात खाजगी क्षेत्रात निराळाच प्रकार चालला होता. तयार गोळीच्या आयातीवर बंधने आली तेव्हा परदेशी कंपन्यांनी मूळ द्रव्य बाहेरून आणून येथे त्याच्या गोळ्या पाडण्याचे व बाटल्या भरण्याचे कारखाने काढले. कारखाना देशी झाला, कामगार देशी झाले, पण औषध परदेशीच राहिले. जकात ज्या कडीवर बसते तेवढीच कडी देशात येते. मागची साखळी जिथली तिथेच राहते. १९७५ साली हाथी समितीने मूळ द्रव्यांपासून सगळे येथेच करण्यावर भर दिला, तो याच अनुभवामुळे. त्याआधी १९७० चा पेटंट कायदा झाला होता व १९७२ पासून तो अमलात आला. या कायद्याने औषधाच्या पदार्थावरचे पेटंट काढून टाकले, केवळ कृतीवर ठेवले, आणि तेही थोड्या वर्षांपुरते. आमच्या मते, भारतीय औषधधंदा जो उभा राहिला तो मुख्यतः या कायद्यावर. जकात त्याच्या पाठीशी भिंतीसारखी होती, पाया नव्हती.

१९९१ नंतर ती भिंत उतरत गेली. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात आयात जकातीचा कमाल दर शेकडा १५० वर आणला गेला. २००७ पर्यंत, शेतमाल वगळता, तो १० वर आला. चीनचे पेनिसिलिन आपल्या पेनिसिलिनपेक्षा स्वस्त पडू लागले. १९९७ साली पिंपरीचा कारखाना कायद्याच्या भाषेत ‘आजारी’ ठरला. औषध करणाराच आजारी पडावा, यातील विनोद तेथल्या कामगारांना कळला असेल, पण त्यांना हसू आले नसावे. पुढे देशात मूळ पेनिसिलिन करणारा एकही मोठा कारखाना उरला नाही.

आणि तरीही कुरकुंभची भरभराट झाली! येथे सिप्लाचे कारखाने आहेत, एमक्युअरचाही आहे. २००१ साली सिप्लाने एड्सवरची तीन औषधांची जोडणी एका रुग्णाला वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली, तेव्हा तिची चालू किंमत दहा हजार डॉलरच्या वर होती. जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेल्या अशा औषधांच्या यादीत कुरकुंभचे नाव आहे. येथेच अल्काइल अमाइन्सचा कारखाना आहे. उसापासून साखर, साखरेतून मळी, मळीपासून मद्यार्क, मद्यार्कापासून अमाइन आणि अमाइनपासून पुढे औषध, अशी ही वाट आहे. १९३२ च्या साखर-जकातीचा एक धागा असा नकळत औषधापर्यंत येतो.

आता पेच पाहा. परदेशी मूळ द्रव्यावर जकात वाढवली तर ते करू पाहणाऱ्याला बळ मिळते. पण त्याच द्रव्याची गोळी पाडणाऱ्याला ते महाग पडते, आणि शेवटी दौंडच्या औषधाच्या दुकानात उभ्या असलेल्या माणसाच्या खिशाला कात्री लागते. जकात नसेल तर पिंपरीसारख्या टाक्या थंड पडतात. मार्च २०२० मध्ये, चीनमध्ये साथ पसरली असताना, भारत सरकारला पॅरासिटामॉलसह २६ द्रव्ये व त्यांच्या औषधांच्या निर्यातीवर निर्बंध घालावे लागले. तेव्हा टाक्या थंड पडल्याची किंमत कळली. त्याच वर्षी मूळ द्रव्यांसाठी ६,९४० कोटी रुपयांची उत्पादन-प्रोत्साहन योजना जाहीर झाली. ही जकात नव्हे, अनुदान होय. तिचा भार आजाऱ्यावर न पडता सर्व करदात्यांवर पडतो, म्हणून आम्हांस ती अधिक न्याय्य वाटते. तिच्याच आधाराने २०२४ साली आंध्रात काकीनाड्याजवळ पेनिसिलिनचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. उलट, त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात कर्करोगावरच्या तीन परदेशी औषधांची जकात माफ झाली. जे येथे होतच नाही त्यावरची जकात कोणत्या कारखान्याचे रक्षण करणार होती?

एका खर्चाचा उल्लेख मात्र राहतो. कुरकुंभच्या आसपासच्या गावांतून रासायनिक सांडपाण्याने विहिरी आणि शेते बिघडल्याच्या तक्रारी अनेक वर्षे होत आल्या आहेत. परदेशी द्रव्य स्वस्त का पडते याचा हिशेब मांडताना तिकडच्या नद्यांचे काय झाले हे आपण विचारतो. मूळ द्रव्ये पुन्हा येथे करावयाची म्हणजे तेच सांडपाणी येथे येणार, आणि त्याची वाट भीमेच्या खोऱ्यातून जाते. दौंडच्या खाली तिच्यावरच उजनीचे धरण आहे, आणि सोलापूर ते पाणी पिते.