दोन समुद्रांचे देणे



कामरगावात उभे राहून समुद्रकिनाऱ्यावर बोलावे, हे प्रथम विचित्र वाटेल. येथून कोणताही समुद्र शेकडो मैल दूर. पण आपल्या वाशीम जिल्ह्याचे पाणी एका नव्हे, दोन समुद्रांना मिळते. काटेपूर्णा उत्तरेकडे उतरून पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला आणि तापी सुरतेखाली अरबी समुद्राला. अडाण व अरुणावती यांचे पाणी पैनगंगेत जाते. पुढे वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशी नावे बदलीत ते बंगालच्या उपसागरास पोचते. पाण्याबरोबर मातीही जाते. तिचे पुढे काय होते, हा आजचा विषय.

नदी मुखाशी आली की तिचा वेग मोडतो आणि अंगावरचे ओझे ती खाली ठेवते. जड रेती जवळ बसते, बारीक गाळ दूर जातो. मग लाटांचे काम सुरू होते. लाटा तिरप्या येतात आणि रेती काठाकाठाने पुढे ढकलतात. नदीने आणले किती आणि लाटांनी नेले किती, या जमाखर्चावर किनारा उभा असतो. जमा वाढली तर बंदर बुजते. खर्च वाढला तर समुद्र गावात शिरतो.

पहिली बाजू सुरतेने पाहिली. सतराव्या शतकात ते मोगलांचे मोठे बंदर. पण तापीच्या मुखातील वाळूमुळे मोठी जहाजे शहरापर्यंत येत नसत. ती सुवाळीला नांगर टाकीत, कारण तेथे वाळूच्या दांड्याआड खोल व शांत पाणी होते. वाळू एकास अडथळा, तर दुसऱ्यास आडोसा! १६१२ साली याच सुवाळीपुढे इंग्रज व पोर्तुगीज लढले. शिवाजी महाराजांनी १६६४ व १६७० मध्ये सुरत लुटली; १६७० च्याच अखेरीस मराठी फौज आपल्या शेजारच्या कारंजावर आली. १६८७ मध्ये इंग्रजांनी मुख्य ठाणे मुंबईस हलविले. सुरतेच्या उतरणीला राजकारण कारण झाले, हे खरे. तरी मुंबईच्या खोल बंदरापुढे तापीचे उथळ मुख टिकणे कठीणच होते.

दुसरी बाजू गोदावरीच्या मुखाशी दिसते. तिने आणलेली रेती लाटांनी उत्तरेकडे नेली आणि काकिनाड्यापुढे वाळूची लांब जीभ तयार झाली. तिला होप बेट म्हणतात. तिच्या आडोशाने बंदर सुरक्षित झाले. पण थोडे उत्तरेस उप्पाडा गावी समुद्र घरे व रस्ते गिळीत आहे. वाळूची जीभ आणि बंदराची बांधकामे यांनी तेथील लाटांची व रेतीची चाल बदलली. शिवाय नदीची जमाही घटली. १९७० च्या दशकात गोदावरी जितका गाळ मुखापर्यंत नेत असे, त्याच्या निम्म्याहूनही कमी १९९० च्या दशकात पोचू लागला. कारण वाटेतल्या धरणांत तो बसतो.

मग धरणे बांधू नयेत काय? कोरडवाहू वऱ्हाडात असे कोण म्हणेल? धवळेश्वरम् येथे आर्थर कॉटन याने १८४७ ते १८५२ या काळात बंधारा बांधला, त्यानेच तो त्रिभुज प्रदेश पिकता झाला. पाणी हवेच. पण दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. काळी माती ही शेताची ठेव. ती बांधावर थांबली तर शेतकऱ्याचे भले आणि धरणही लवकर भरत नाही. नदीतली रेती मात्र वाटसरू आहे, ती पुढे जावयाची असते. आपण माती वाहू देतो आणि रेती मात्र ट्रक भरभरून उपसतो; म्हणजे नेमके उलटे करतो.

किनारा आपल्याला दिसत नाही, म्हणून तो आपला नाही असे नव्हे. नदीच्या वरच्या टोकाला राहणाऱ्याने खालच्या टोकाचे देणे विसरू नये, एवढेच आज सांगावयाचे होते.