प्रत कुणाच्या मालकीची?

डिसेंबर २०१७ मधली गोष्ट. इशाची नमाज होऊन घरात निजानीज झाली होती. मी फोन हातात घेऊन बसलो होतो. पडद्यावर इंग्रजीत सूचना होती. पुढे जायचं असेल तर ‘येस’ टाइप करा, एकदा पुसलेलं परत येणार नाही. मी ती तीन अक्षरं टाइप केली आणि काही क्षणांत फोन कोरा झाला. त्यात अब्बांचे जवळपास वर्षभराचे व्हॉइस मेसेज होते. अब्बा आदल्या वर्षी गेले होते.

मी बॅकअप घेतला नव्हता असं नाही. दोन तास बसून एकेका ॲपचा बॅकअप घेतला होता. फक्त तो त्याच फोनच्या मेमरीत ठेवला होता. घराला आग लागेल या भीतीने कागदपत्रं पेटीत भरावीत आणि पेटी त्याच घरात ठेवावी, तसा प्रकार.

चूक माझी होती, दोष दुसऱ्या कुणाला देत नाही. पण त्या रात्रीनंतर एक प्रश्न मनातून गेला नाही. माझ्याच फोनमधल्या माझ्याच वस्तूची प्रत काढायला इतका खटाटोप का करावा लागतो? उत्तर शोधताना मला या छोट्याशा विषयाचा मोठा इतिहास सापडला. तो मराठीत फारसा कुणी सांगितलेला नाही, म्हणून हा लेख.

एका शब्दाने उघडलेलं दार

आधी थोडी ओळख. फोन चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या तयार संचाला बोलीभाषेत ‘रॉम’ म्हणतात. कंपनीने दिलेलं रॉम काढून दुसऱ्यांनी बनवलेलं घालणं म्हणजे ‘फ्लॅश’ करणं. वाशिम, कारंजा, मंगरुळपीरच्या मोबाइल दुकानांत हा शब्द आता सगळ्यांना माहीत आहे. ‘सॉफ्टवेअर मारून देतो’ असंही म्हणतात.

लोक हे का करतात? माझं कारण साधं होतं. फोन स्वस्तातला होता. कंपनीने अपडेट देणं थांबवलं होतं आणि फोन रखडत चालायचा. दुसरं कारण लिपीचं. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या फोनमध्ये मराठी मजकूर आला की अक्षरांच्या जागी चौकोन दिसायचे. २०११ साली आलेल्या ४.० आवृत्तीपासून देवनागरी नीट दिसू लागली. फोनचा अख्खा मेनू मराठीत वाचता यायला २०१४ची ५.० आवृत्ती यावी लागली. उर्दूचं दुखणं त्यानंतरही राहिलं. फोन उर्दू दाखवायचा, पण अरबीच्या नस्ख वळणात. अम्मीची सगळी हयात नस्तालीक वाचण्यात गेलेली. ती म्हणायची, ‘ये उर्दू लगतीच नहीं.’ अक्षराचं वळण बदलायचं तर फोनच्या आत हात घालणं भाग होतं.

आत हात घालण्याचा हा उद्योग अँड्रॉइडच्या पहिल्या फोनइतकाच जुना आहे. तो फोन, एचटीसीचा जी-१, ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत विकायला आला. महिनाभरातच त्यात एक गंमतीशीर चूक सापडली. कीबोर्डवर जे टाइप कराल ते फोनच्या अगदी आतल्या थरालाही आज्ञा म्हणून पोहोचत होतं. कुणी मित्राला संदेश लिहिताना ‘रीबूट’ हा शब्द टाइप करून एंटर दाबलं की फोन खरोखर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. गूगलने चूक दुरुस्त केली. पण तोवर हौशी लोकांनी त्या फटीतून आत शिरून फोनचा पूर्ण ताबा मिळवला होता. या ताब्यालाच ‘रूट’ म्हणतात.

नोटीस आणि बॅकअप

त्या लोकांतला एक होता स्टीव्ह कोंडिक. ‘सायनोजेन’ हे त्याचं टोपणनाव. २००९ साली त्याचं रॉम, सायनोजेनमॉड, हजारो लोक वापरू लागले. सप्टेंबर २००९ मध्ये त्याला गूगलच्या वकिलांची नोटीस आली. अँड्रॉइडचा गाभा सर्वांना खुला होता, पण जीमेल, मॅप्स, यूट्यूब आणि ॲपचं दुकान ही गूगलची खासगी मालमत्ता होती. ती रॉमसोबत वाटण्याचा हक्क कोंडिकला नव्हता.

यातून निघालेला मार्ग मला फार महत्त्वाचा वाटतो. रॉममध्ये गूगलची ॲप्स द्यायचीच नाहीत. ज्याने फोन विकत घेतला त्याच्या फोनमध्ये ती आधीच आहेत. त्यानेच ती आपल्या फोनमधून बाजूला काढून ठेवावीत आणि नवं रॉम बसल्यावर परत आणावीत. म्हणजे ॲपचा बॅकअप आणि रिस्टोअर हा इथे केवळ सोयीचा मामला राहिला नाही. विकत घेतलेल्या वस्तूवर घेणाऱ्याचा काही हक्क उरतो की नाही, या वादाचा तो तोडगा ठरला.

त्यानंतरच्या काही वर्षांत बॅकअपच्या दोन रीती रूढ झाल्या. पहिली ‘नॅनड्रॉइड’. फोनमधल्या साठवणीच्या चिपला ‘नँड’ म्हणतात, त्यावरून हे नाव. फोन नेहमीसारखा सुरू न करता ‘रिकव्हरी’ नावाच्या छोट्या वेगळ्या व्यवस्थेत सुरू करायचा आणि सगळ्या यंत्रणेचा जसाच्या तसा ठसा घ्यायचा. या कामासाठी आधी कौशिक दत्ता यांची क्लॉकवर्कमॉड रिकव्हरी आणि २०११ पासून टीमविनची रिकव्हरी लोकप्रिय झाली. काही बिघडलं तर तो ठसा परत उमटवायचा आणि फोन कालच्या स्थितीत आणायचा. मात्र जुन्या रॉमचा ठसा उमटवला की रॉमही जुनंच परत येतं. नव्या रॉमवर नुसती आपली ॲप्स आणायला ही रीत फारशी उपयोगाची नाही.

त्यासाठी दुसरी रीत, एकेका ॲपची. टायटॅनियम बॅकअप हे त्यातलं गाजलेलं नाव. ॲपचे दोन भाग असतात. एक ॲप स्वतः, जे दुकानातून केव्हाही परत मिळतं. दुसरा त्याचा डेटा, म्हणजे तुमची खाती, नोंदी, संभाषणं. हा भाग जगात दुसरीकडे कुठेच नसतो आणि रूटशिवाय त्याला हात लावता येत नाही. टायटॅनियम दोन्ही भाग एकत्र बांधून ठेवायचं. अनुभवी लोक एक नियम आवर्जून सांगायचे. आपण घातलेली ॲप्स डेटासकट परत आणा, पण जुन्या रॉमच्या स्वतःच्या ॲपचा डेटा नव्या रॉमवर लादू नका. नाहीतर फोन दर मिनिटाला अडखळतो.

हे सगळं मी वाचलं होतं. न वाचलेली गोष्ट अशी की रिकव्हरीत पुसण्याचे दोन प्रकार असतात. साधा रिसेट तुमच्या फोटो-फायलींच्या कप्प्याला हात लावत नाही. ‘फॉरमॅट डेटा’ मात्र तो कप्पाही साफ करतं, आणि त्याआधी ‘येस’ टाइप करायला लावतं. माझा बॅकअप त्याच कप्प्यात होता. नॅनड्रॉइडही त्या कप्प्याची प्रत घेत नाही, हे मला नंतर कळलं.

कुलपं वाढत गेली

२०१४च्या डिसेंबरात हे जग आपल्याकडे रीतसर दुकानातून आलं. मायक्रोमॅक्सने ‘यू युरेका’ हा फोन ८,९९९ रुपयांना जाहीर केला. त्यात कंपनीनेच सायनोजेनचं सॉफ्टवेअर घातलेलं होतं. भारतात ते वापरण्याचा हक्क कुणाचा, यावरून मायक्रोमॅक्स आणि वनप्लस यांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला. हौशी मुलांनी सुरू केलेल्या कामावर आता कंपन्या भांडत होत्या.

दोन वर्षांत तो डोलारा कोसळला. डिसेंबर २०१६ मध्ये सायनोजेन कंपनीने आपल्या सेवा ३१ तारखेला बंद होतील असं जाहीर केलं. पण रॉमचा मूळ कोड खुला होता. त्याच्या प्रती असंख्य लोकांकडे आधीच होत्या. त्याच आठवड्यात ‘लिनेजओएस’ या नव्या नावाने काम पुढे सुरू झालं. कंपनी बुडाली, काम वाचलं. कारण प्रत कुणा एकाच्या ताब्यात नव्हती.

साध्या वापरकर्त्याच्या बाबतीत मात्र उलटं घडत गेलं. २०११ साली अँड्रॉइडनेच संगणकाला केबल जोडून रूटशिवाय बॅकअप घ्यायची सोय दिली होती. पण ॲप बनवणारा ‘माझ्या ॲपचा बॅकअप नको’ असं लिहून ठेवू शकत होता, आणि अनेकांनी तसं लिहिलं. २०१५ मध्ये ६.० आवृत्तीने गूगल ड्राइव्हवर आपोआप बॅकअप सुरू केला, प्रत्येक ॲपला २५ एमबीपर्यंत. इथेही ॲपवाल्याची मर्जी कायम राहिली. २०२१च्या १२व्या आवृत्तीत केबलचा मार्गही नव्या ॲपच्या डेटासाठी जवळपास बंद झाला.

सगळ्यात मोठा पेच बूटलोडरचा. फोन सुरू होताना कोणतं सॉफ्टवेअर चालू द्यायचं हे ठरवणारं हे कुलूप. ते उघडल्याशिवाय रूट मिळत नाही आणि रूटशिवाय पूर्ण प्रत निघत नाही. पण कुलूप उघडताक्षणी फोन स्वतःला पुसून टाकतो. म्हणजे प्रत हवी असेल तर आधी मूळ गमवा!

याला कारण नाही असं नाही. फोन चोरीला गेला, दुरुस्तीला दिला, आणि समोरच्याने कुलूप उघडून सगळं वाचलं तर? आपल्या बँकेचे व्यवहार, घरच्यांचे फोटो, खासगी बोलणं आता तिथेच असतं. एखाद्या मुलीचे फोटो दुरुस्तीच्या टेबलावरून बाहेर गेल्याने काय होतं हे छोट्या गावातल्या माणसाला सांगायला नको. कुलूप हवंच. तक्रार इतकीच की घराच्या मालकाला दुसरी किल्ली मिळत नाही. लिनेजओएसमध्ये येणारं ‘सीडव्हॉल्ट’ त्या दिशेचं एक पाऊल आहे. ते बॅकअप बारा शब्दांच्या गुप्त किल्लीने बंद करतं, आणि ते शब्द तुमच्याकडे कागदावर असतात.

वाशिमला हे नवं नाही

मी राहतो तो जिल्हा प्रती जपण्याच्या बाबतीत जुना आहे. वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. इथला राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट वाशिमलाच १९३९ मध्ये सापडला. गाव दान दिल्याचा तो लेख तांब्यावर कोरला, कारण राजा जातो, कारकून बदलतात, पण ज्याला दान दिलं त्याच्या हातात पुरावा उरला पाहिजे.

कारंजा (लाड) इथल्या जैन मंदिरांची ग्रंथभांडारं तर विद्वानांना ठाऊक आहेत. जैन श्रावक पुण्यकर्म म्हणून ग्रंथांच्या नकला करवून मंदिरांना देत. त्या शतकानुशतकं पडून राहिल्या. विसाव्या शतकात डॉ. हिरालाल जैन यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या उघडल्या. दहाव्या शतकातला अपभ्रंश कवी पुष्पदंत छापील रूपात परत आला. १९३१ मध्ये प. ल. वैद्य यांनी ‘जसहरचरिउ’ संपादित केलं, १९३३ मध्ये हिरालाल जैन यांनी ‘णायकुमारचरिउ’. वेगवेगळ्या पोथ्यांतले पाठ ताडून संहिता ठरवली गेली. याहून मोठा रिस्टोअर कोणता?

आपल्या परंपरेतही हाच धडा आहे. यमामाच्या लढाईत कुरआन मुखोद्गत असलेले अनेक हाफिज शहीद झाले. तेव्हा हजरत उमर यांनी खलिफा हजरत अबू बक्र यांच्याकडे आग्रह धरला की कुरआन एकत्र लिहून ठेवावं. जैद बिन साबित यांनी ते काम केलं. स्वतःला पाठ असूनही त्यांनी लिखित तुकडे आणि इतरांचं पाठांतर यांचा ताळा घेतला. पुढे हजरत उस्मान यांच्या काळात प्रती निरनिराळ्या शहरांना गेल्या. परंपरा सांगते की प्रतीसोबत शिकवणारा कारीही जाई. एक प्रत कागदावर, एक छातीत, आणि दोन्ही एकमेकींशी ताडलेल्या.

तांबं, पोथी आणि पाठांतर या तिन्हींत एक साम्य आहे. प्रत मूळ जागेपासून दूर ठेवली गेली, ती उघडायला मूळ मालकाची परवानगी लागली नाही, आणि कुणीतरी ती वाचून खात्री केली. माझ्या फोनमधल्या बॅकअपला यातली एकही अट लागू नव्हती. तो त्याच जागी होता, आणि तो परत येतो का हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

सगळ्यात बोचणारी गोष्ट शेवटी सांगतो. अब्बांचे आवाज वाचवायला रूट लागत नव्हतं, टायटॅनियमही लागत नव्हतं. व्हॉट्सॲपचं संभाषण कुलूपबंद फाइलमध्ये असतं, पण व्हॉइस मेसेज साध्या ध्वनिफायली म्हणून एका फोल्डरमध्ये पडून असतात. तेव्हा तर ते फोल्डर फाइल मॅनेजरमधून सहज दिसायचं. केबल लावून संगणकावर ओढलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. मी अवघड गोष्टी शिकत बसलो आणि सोपी राहून गेली.

अब्बांना टाइप करता येत नव्हतं, म्हणून ते बोलायचे. बहिणीला पाठवलेले तीन मेसेज तिच्या फोनमध्ये सापडले. एकात ते सोयाबीनचा भाव सांगतात, दुसऱ्यात खोकतात आणि ‘बाद में बोलता’ म्हणून थांबतात. तिसऱ्यात मागे मगरिबची अजान ऐकू येते. ते तीन आता तीन घरांत आहेत. अम्मीच्या मेमरी कार्डात, बहिणीच्या संगणकात आणि माझ्याकडे. दर ईदला आम्ही ते उघडून ऐकतो. आठवण म्हणून तर ऐकतोच, पण प्रत शाबूत आहे ना, हेही त्या निमित्ताने कळतं.

तुमच्या घरातही असा एखादा आवाज एकाच फोनमध्ये असेल. फ्लॅश करा अथवा करू नका, आज तो दुसरीकडे ठेवा. आणि ठेवल्यावर एकदा लावून ऐका.