टाळीचे चित्र : मुलाचा कान, शाळेची नोंद आणि संगणक

वृत्त शिकवण्याची आपल्या शाळांमधील रीत सर्वांच्या परिचयाची आहे. फळ्यावर कवितेची एक ओळ लिहावयाची, प्रत्येक अक्षरावर लघु-गुरूची खूण करावयाची, तीन-तीन अक्षरांचे गण पाडावयाचे आणि शेवटी वृत्ताचे नाव सांगावयाचे. या रीतीत चूक काहीच नाही. परंतु तीच ओळ मुलाने त्याआधी कुणाकडून तरी चालीवर ऐकलेली असते, आणि तेव्हा त्याच्या कानावर गण पडलेले नसतात. पडलेला असतो तो ओळीचा झोक, मधला थांबा, शेवटी पुन्हा सावरून येणे. मोजलेली ओळ आणि ऐकलेली ओळ यांचे नाते काय, हा प्रश्न छंदशास्त्राच्या अभ्यासकाला नवा नाही. तो एका अगदी निराळ्या ठिकाणी, प्राथमिक शाळेतील मुलांना संगणकाच्या साहाय्याने संगीत शिकवण्याच्या प्रयत्नांत, अतिशय नेमकेपणाने विचारला गेला. त्या प्रयत्नांचा इतिहास साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही समजून घेण्याजोगा आहे.

या इतिहासाला दोन उगम आहेत, आणि योगायोगाने दोन्ही १९६७ या एकाच वर्षाशी निगडित आहेत. त्या वर्षी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील वोल्फगँग कून आणि रेनॉल्ड ऑल्विन यांनी स्वरवाचन शिकवणाऱ्या एका संगणकीय पद्धतीची माहिती प्रसिद्ध केली. विद्यार्थ्याने लिहिलेले स्वर पाहून मायक्रोफोनसमोर गावयाचे आणि यंत्राने त्याचा सूर मोजून बरोबर की चूक ते सांगावयाचे, असे तिचे स्वरूप होते. ही सोय मोठ्या विद्यार्थ्यांसाठी होती. पण तिच्यामागील कल्पना पुढे सर्वत्र रुजली. यंत्र म्हणजे न थकणारा, न रागावणारा परीक्षक, अशी ही कल्पना होय.

दुसरा उगम मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथला. तेथे वॉली फर्झिग, सीमोर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी १९६७ मध्येच मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. पॅपर्ट हे गणिती. जिनिव्हा येथे झाँ पियाजे यांच्यासमवेत त्यांनी काम केलेले होते. संगणकाने मुलाला शिकवावे यापेक्षा मुलाने संगणकाला शिकवावे, आणि शिकवता शिकवता स्वतःच्या विचाराकडे पाहावे, ही त्यांची भूमिका होती. पॅपर्ट आणि सॉलोमन यांनी १९७१ मध्ये संगणकाने करता येण्याजोग्या वीस गोष्टींची यादी मांडली, तीत चित्रे काढणाऱ्या सुप्रसिद्ध ‘कासवा’बरोबर सुरावट रचण्याचाही समावेश होता.

या मंडळींत जीन बॅम्बर्गर सामील झाल्या आणि प्रश्नाला खोली आली. १९२४ साली जन्मलेल्या बॅम्बर्गर या मूळच्या पियानोवादक. थोर पियानिस्ट आर्टुर श्नाबेल यांच्या त्या शिष्या. शिवाय तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक. मुलांना संगीत शिकवताना आपण सुटा स्वर हा आरंभबिंदू मानतो. पण सुटा स्वर हा ऐकणाऱ्याच्या अनुभवाचा घटक नसतोच, हे त्यांचे मुख्य निरीक्षण. कानाला प्रथम भेटतो तो स्वरांचा पुंजका, सुरावटीचा एक अर्थपूर्ण तुकडा. भाषा ऐकणाऱ्या बालकाला सुटी अक्षरे ऐकू येत नाहीत, बोलणे ऐकू येते, तसेच हे.

या निरीक्षणातून त्यांनी संगणकावर जे साधन घडवले त्यात मुलासमोर स्वरांची नावे ठेवलेली नव्हती. लहान लहान सुरावटींचे ठोकळे होते आणि प्रत्येकावर केवळ एक खूण होती. ठोकळा निवडावा, ऐकावा, दुसऱ्याशेजारी ठेवावा, आणि ओळखीचे गाणे पुन्हा जुळवावे किंवा नवे रचावे. कोणता तुकडा आरंभासारखा वाटतो, कोणता शेवटासारखा. कोणता दुसऱ्यांदा आला की बरा वाटतो, याचे निर्णय मूल स्वतः घेई. मग हवे तर ठोकळा उघडून आतले स्वर आणि त्यांचे काल आकड्यांत पाहता येत, बदलता येत. म्हणजे व्याकरण होतेच, पण ते वाक्यानंतर येत होते. १९८० च्या दशकात घरगुती संगणकांवर आलेली लोगोची संगीत-आवृत्ती आणि पुढे २००० साली बॅम्बर्गर यांच्या पुस्तकासोबत प्रसिद्ध झालेली ‘इम्प्रॉम्प्टू’ ही प्रणाली या एकाच विचाराची अपत्ये होत.

तथापि बॅम्बर्गर यांचे सर्वांत मोलाचे काम संगणकाच्या पडद्यावर नव्हे, कागदावर झाले. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना त्यांनी टाळ्यांचा एक साधा लयबंध वाजवावयास सांगितला आणि नंतर तो कागदावर असा उतरवा की दुसऱ्याला वाजवता यावा, असे सांगितले. लयबंध पाच टाळ्यांचा : दोन सावकाश, मग दोन झटपट आणि त्यांना लागून एक, जिच्यानंतर थोडी उसंत. मुलांच्या चित्रांचे ढोबळमानाने दोन गट पडले. काहींनी दोन मोठी वर्तुळे, दोन लहान आणि पुन्हा एक मोठे काढले. इतरांनी दोन मोठी आणि तीन लहान काढली.

घड्याळाने मोजले तर पहिला गट बरोबर आहे. पाचव्या टाळीपासून पुढील आवर्तनाच्या टाळीपर्यंतचे अंतर सावकाश टाळीइतकेच असते. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर गुरू, गुरू, लघु, लघु, गुरू. संगीत शिकलेली प्रौढ माणसे दुसऱ्या चित्राला सहसा चूक ठरवतात. परंतु ते चित्र काढणारे मूल काय सांगत आहे? शेवटच्या तीन टाळ्या ही हाताची एकच हालचाल आहे, पाचवी टाळी तिच्या आधीच्या दोघींची सोबतीण आहे, हे ते सांगत आहे. पहिल्या चित्रात माप आहे, पण घाट नाही. दुसऱ्यात घाट आहे, पण माप नाही. गवयाला दोन्ही लागतात. पाचवी टाळी केवळ मापाने वाजवणाऱ्याचे गाणे कसे होते, ते आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकलेले आहे.

आपल्या छंदशास्त्राने हा पेच फार पूर्वी ओळखलेला दिसतो. चरणाच्या अखेरचे अक्षर लघु असले तरी त्याला गुरू मानण्याची जी मुभा आहे, ती का? त्या जागी थांबा आहे म्हणून. म्हणजे अक्षराचे मूल्य अक्षरात नसून त्याच्या जागेत आहे, ही कबुली मोजणीच्या शास्त्रातच दिलेली आहे. तबल्याच्या त्रितालात पहिल्या मात्रेवरचा ‘धा’ आणि पाचव्या मात्रेवरचा ‘धा’ बोलाने आणि कालाने सारखेच. पण समेवरचा ‘धा’ ऐकताना मान डोलते, तशी पाचव्यावर डोलत नाही.

बॅम्बर्गर यांनी १९९१ च्या आपल्या ग्रंथात आठ वर्षांच्या एका मुलाची हकीकत विस्ताराने दिली आहे. त्याच्यापुढे माँटेसोरी पद्धतीतील घंटा होत्या : दिसायला सगळ्या सारख्या, स्वर मात्र वेगवेगळे. गाणे जुळवताना त्याने त्या गाण्यात स्वर येतात त्या क्रमाने मांडल्या. एकदा येऊन गेलेला स्वर पुन्हा लागला की तो मागे वळत नसे. त्याच स्वराची दुसरी घंटा आणून रांगेत ठेवी. त्याच्या लेखी ती वेगळीच घंटा होती, कारण ती गाण्यात वेगळ्या जागी वाजत होती. पुढे हळूहळू तो मागे वळू लागला, आणि वाटेवरून चालणाऱ्याला नकाशा दिसू लागावा तशी त्याची मांडणी बदलत गेली. येथे लेखिका नकाशाचा विजय साजरा करीत नाहीत. वाट विसरून नकाशा मिळवणे ही प्रगती नव्हे, दोन्हींमध्ये ये-जा करता येणे ही प्रगती, असे त्यांचे म्हणणे आहे. १९८५ साली केंब्रिजमधील एका सार्वजनिक शाळेत त्यांनी जी ‘वस्तू घडवण्याची प्रयोगशाळा’ उभी केली, तीत मुले ठोकळे, चाके, ढोल आणि संगणक यांच्यात अशीच ये-जा करीत. हाताने घडवलेले पडद्यावर उतरवावे, आणि ते जुळले नाही की ‘असे का?’ म्हणून थबकावे. ते थबकणे हाच तेथला धडा होता.

या दोन प्रवाहांपैकी शाळांनी कोणता स्वीकारला हे सांगावयास नकोच. परीक्षक यंत्राला गुण देता येतात. विचारणाऱ्या यंत्राला थांबण्यासाठी वेळ आणि समोर बसलेला जाणता शिक्षक लागतो. आज मोबाइलवर सूर तपासून हिरवा किंवा लाल रंग दाखवणारी साधने विपुल आहेत. २०१८ मध्ये गूगलने विनामूल्य उपलब्ध करून दिलेल्या ‘साँग मेकर’सारख्या साधनाला तपासनीस म्हणता येणार नाही, मूल त्यात आनंदाने रचना करते. पण त्याच्या चौकटीत आडवा काळ आणि उभा स्वर आधीच आखलेला आहे. वाट चालण्यापूर्वीच नकाशा हाती येतो, आणि चौकोन भरण्यात काय ऐकले हे मागे पडण्याचा धोका असतो.

बॅम्बर्गर यांच्या पद्धतीलाही मर्यादा आहेत. त्यांचे ठोकळे पियानोच्या स्थिर स्वरांचे; मींड त्यांत मावत नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर जी बंदी घातली होती, तिच्यामागील आक्षेपांत हाही एक आक्षेप होताच. भातखंडे आणि पलुसकर यांनी स्वरलेखनाचा पुरस्कार केला तेव्हाही, चिन्हांत बांधलेले गाणे हे गाणे उरते काय, असे विचारले गेले. साधन बदलले तरी प्रश्न तोच राहिला आहे.

म्हणून शाळेत संगणक आणावा की नाही हा वाद मला दुय्यम वाटतो. पाचवी टाळी लहान काढणाऱ्या मुलाच्या वहीवर आपण कोणती खूण करणार, हा खरा प्रश्न आहे. ‘चूक’ असे लिहिणे सोपे आहे, आणि यंत्र ते आपल्याहून अधिक वेगाने लिहील. ‘तुला हे कसे ऐकू आले, ते वाजवून दाखव’ असे म्हणणे मात्र शिक्षकालाच करावे लागेल. कवितेच्या तासालाही, गण पाडण्यापूर्वी, ओळ एकदा मोठ्याने म्हणू देण्याइतकी उसंत आपल्याला काढता येईल काय?