अंक निघाला म्हणून मंडळ टिकले

ब्रिटनमधल्या हौशी खगोलमंडळांचा इतिहास सांगताना दुर्बिणी पुढे येतात, परसातल्या वेधशाळा येतात, धूमकेतू शोधणारे शाळामास्तर आणि पाद्री येतात. मंडळाचा अंक मात्र तळटीपेत जातो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा, कारण या मंडळांना घडवले आणि सांभाळले ते त्यांच्या छापील अंकांनी. एकट्याने रात्र जागून घेतलेला वेध वहीतच राहिला तर तो त्या माणसाबरोबर संपतो. तारीख, वेळ आणि दुर्बिणीच्या मापासह तो छापला गेला की दुसरा कोणीतरी ताडून पाहू शकतो. मँचेस्टरकडच्या जोसेफ बॅक्सेंडेल यांनी रूपविकारी ताऱ्यांची अतिशय चिकाटीने निरीक्षणे केली. 1887 मध्ये ते वारले, तेव्हा त्या निरीक्षणांचा मोठा भाग हस्तलिखितातच होता. पुढे ऑक्सफर्डच्या प्रा. टर्नर यांच्या हाती ती कागदपत्रे आली आणि स्टॅफर्डशायरमधल्या चीडल गावच्या मेरी ब्लॅग यांनी ती नीट लावून घेतली. त्यावरचे लेख 1912 ते 1918 या काळात प्रसिद्ध झाले. म्हणजे एका उत्तम निरीक्षकाच्या कामाला वाचक मिळायला त्याच्या मृत्यूनंतर पाव शतक जावे लागले.

अंकाची गरज मंडळांच्या आधी एका साप्ताहिकाने दाखवून दिली होती. 1865 मध्ये सुरू झालेले ‘इंग्लिश मेकॅनिक’ हे कारागिरांचे आणि यंत्रप्रेमींचे पत्र. त्याच्या वाचकपत्रांच्या पानांवर आरसा कसा घासावा, शनीची कडी कशी दिसली, यावर देशभरातली माणसे एकमेकांशी बोलत. कॅप्टन विल्यम नोबल तिथे वर्षानुवर्षे टोपणनावाने लिहीत. 1881 मध्ये स्थापन झालेल्या लिव्हरपूलच्या खगोलमंडळाने स्वतःचे नियतकालिक काढले आणि एका शहराच्या मंडळाला देशभरातून सभासद मिळू लागले. ब्रिस्टलला राहून उल्कांचे वेध घेणारे विल्यम डेनिंग त्याचे अध्यक्ष झाले. सौर विभाग एलिझाबेथ ब्राउन सांभाळत. लिव्हरपूलच्या सभेला सहज जाता येईल इतक्या जवळ डेनिंग राहत नव्हते. त्यांना या मंडळाशी जोडणारी गोष्ट म्हणजे टपालाने येणारा अंक.

हे मंडळ 1890 च्या सुमारास ओढाताणीत सापडले आणि त्याचा देशव्यापी पसारा आटला. इथे एक आक्षेप येतो: अंकच मंडळाला तारतो, तर अंक असलेले लिव्हरपूल का कोसळले? पण कोसळले ते काय, हे पाहावे. शहरातले मंडळ स्थानिक रूपात चालूच राहिले. पोरके झाले ते दूरचे सभासद, आणि पोरके झाल्याबरोबर त्यांनी नवा आधार शोधला. जुलै 1890 मध्ये डब्लिनच्या विल्यम मंक यांनी ‘इंग्लिश मेकॅनिक’मध्येच पत्र लिहून हौशी लोकांची वेगळी संघटना मागितली. ज्यांना रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची वर्गणी जड जाते, तिथले निबंध अवघड वाटतात, किंवा ज्या स्त्रियांना तिथे प्रवेशच नाही, अशांसाठी ती हवी होती. 24 ऑक्टोबर 1890 रोजी ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन उभी राहिली. पहिले अध्यक्ष तेच कॅप्टन नोबल, सौर विभागाच्या संचालक त्याच एलिझाबेथ ब्राउन, आणि वर्गणी अर्धा गिनी. नियतकालिक पहिल्याच वर्षापासून निघू लागले.

त्या नियतकालिकाचे संपादन हे या इतिहासातले सर्वांत मोलाचे पान आहे, असे मला वाटते. ग्रिनिचच्या वेधशाळेत गणनाचे काम करणाऱ्या अ‍ॅनी रसेल यांचे नाव 1892 मध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभासदत्वासाठी सुचवले गेले, तेव्हा मतदानात ते पडले. त्याच अ‍ॅनी, लग्नानंतरच्या अ‍ॅनी माँडर, 1894 ते 1896 आणि पुन्हा 1917 ते 1930 असोसिएशनच्या नियतकालिकाच्या संपादक होत्या. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने स्त्रियांना दार उघडले ते 1916 साली. तोवर ज्या बाईला सभासद म्हणून बसायला खुर्ची नव्हती, तिने त्याच देशातल्या शेकडो निरीक्षकांचे लेखन तपासून, नेटके करून छापले होते. आपल्याकडच्या वाचकाने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी असोसिएशनची एक तुकडी वऱ्हाडातल्या तळणीला आली होती आणि तिथे अ‍ॅनीबाईंनी सूर्याच्या किरीटातला लाखो मैल लांबीचा झोत फोटोत पकडला. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे प्रा. कावसजी नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला गेले होते. असोसिएशनने हिंदुस्थानातल्या आपल्या मोहिमेवर अ‍ॅनीबाईंचे पती वॉल्टर माँडर यांनी संपादित केलेले स्वतंत्र पुस्तकच काढले. तळणीतल्या त्या मिनिटा-दोन मिनिटांत काय काय झाले, हे आज आपल्याला सांगता येते ते त्या छपाईमुळे.

कोणी म्हणेल, सभा आणि व्याख्याने हाच मंडळाचा प्राण असतो. एका शहरापुरते ते खरे आहे, आणि मँचेस्टर, लीड्सच्या मंडळांनी व्याख्यानांची परंपरा निष्ठेने जपली आहे. पण असोसिएशनच्या सभा लंडनात भरत. डब्लिनच्या किंवा चीडलच्या माणसाला मंडळ दिसे ते अंकातूनच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: छापील अंक हळू चालतो, आणि नवतारा किंवा धूमकेतू अंकाची वाट पाहत नाही. हे मान्य करावेच लागेल. तरी या अडचणीवर हौशी लोकांनी काय केले? 1964 मध्ये जेम्स म्युर्डन यांनी आणखी एक मासिक काढले, जे पुढे ‘द अ‍ॅस्ट्रॉनॉमर’ म्हणून ओळखले गेले. ताजी निरीक्षणे लवकर छापणे एवढाच त्याचा हेतू होता. संथ अंकाला त्यांचे उत्तर वेगवान अंक हेच होते. पुढे शोधांच्या बातम्या फोनने, मग संगणकाने जाऊ लागल्या; पण दहा जणांचे वेध एका तक्त्यात मांडणे, शंकास्पद आकड्यावर निरीक्षकाला पत्र टाकणे, चूक पुढच्या अंकात दुरुस्त करणे हे काम तेव्हाही संपादकाकडेच राहिले. रूपविकारी ताऱ्यांची 1890 पासूनची अखंड नोंद असोसिएशनजवळ आहे, ती या कंटाळवाण्या कामातून.

ब्रिटनमधली लहान गावांची मंडळे युद्धानंतर सायक्लोस्टाइलवर चार-सहा पानांची वार्तापत्रे काढू लागली. ती ग्रंथालयांत क्वचितच पोचली. बहुतेक सभासदांच्या कपाटांत राहिली. मराठी खगोलमंडळांच्या, 1944 साली पुण्यात सुरू झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या संस्थांच्या, जुन्या कागदांचीही काळजी तितकीच घ्यायला हवी. ज्यांच्या घरी असे अंक पडून आहेत, त्यांनी ते रद्दीत देण्याआधी एकदा मंडळाला विचारावे, आणि मंडळाने त्यांची पाने स्कॅन करून ठेवावीत.